ट्रायलमधली कॅप्सूल घेऊ की नको?

पत्र थोडक्यात असं आहे, नाव-गाव काढून टाकलंय. लिहिणाऱ्या ताई ५३ वर्षांच्या आहेत. छातीत गाठ लागली, मॅमोग्राफी झाली, बायोप्सी झाली आणि ब्रेस्ट कॅन्सर निघाला. गाठ २ सेंटिमीटरच्या थोडी वर, हॉर्मोन पॉझिटिव्ह (म्हणजे हॉर्मोनवर वाढणारी), हर-टू निगेटिव्ह (हर-टू हे पेशींना वाढायला लावणारं प्रोटीन, ते जास्त नाही), काखेत सोनोग्राफीत तरी काही दिसलेलं नाही. सर्जरीची तारीख अडीच आठवड्यांनंतरची आहे. मधल्या काळासाठी डॉक्टरांनी विचारलं की आमच्याकडे एक स्टडी चालू आहे, फॅटी ॲसिडच्या (चरबीचा एक घटक) एका कंपाउंडच्या कॅप्सूल सर्जरीपर्यंत रोज घ्यायच्या आणि मग काढलेल्या गाठीत काही फरक पडला का ते बघायचं, तुम्ही याल का, घरी बोलून सांगा. घरी तीन मतं. नवरा म्हणतो डॉक्टर म्हणतायत तर घे, नुसतं बसून राहण्यापेक्षा काहीतरी सुरू तरी होईल. मुलगा म्हणतो आई, तुला गिनिपिग करतायत, सही करू नकोस. बहीण म्हणते असल्याच कॅप्सूल वजन कमी करायला दुकानात मिळतात, आपल्या आपण आणू, नॅचरलच तर आहे, डॉक्टरांना सांगायची पण गरज नाही. ताई विचारतात, कुणाचं ऐकू? नाही म्हटलं तर डॉक्टर मनात ठेवतील का? आणि शेवटी एक ओळ, "कदाचित याने गाठ विरघळली तर ऑपरेशनच टळेल, नाही का?" शुगर बॉर्डरला आहे हे जाता जाता लिहिलंय.

ताई, तुमच्या त्या शेवटच्या ओळीपासूनच सुरुवात करते, कारण मला वाटतं खरा गुंता तिथे आहे, बाकीचं सगळं त्याच्या भोवती फिरतंय.

नाही. ऑपरेशन टळणार नाही. असं तोडून सांगताना मला बरं वाटत नाहीये, पण तुम्ही जे वर्णन केलंय त्यावरून ही स्टडी गाठ घालवण्यासाठी आखलेलीच नाहीये. बायोप्सी आणि सर्जरी यांच्यामध्ये जे दिवस तसेही वाट बघण्यात जाणार असतात ते वापरून घ्यायचे, बायोप्सीत काढलेला तुकडा म्हणजे औषधाच्या आधीची अवस्था, सर्जरीत काढलेली गाठ म्हणजे नंतरची, दोन्ही मायक्रोस्कोपखाली शेजारी ठेवायचे आणि बघायचं की या कॅप्सूलने पेशींच्या आत काही हललं का. बस एवढंच. दहा-पंधरा दिवसांत गाठ विरघळेल अशी अपेक्षा ती स्टडी करणाऱ्यांचीसुद्धा नसते. म्हणजे घरात जे तिघं भांडतायत ते तिघंही याला उपचार समजून भांडतायत, नवऱ्याला तो चांगला उपचार वाटतो, मुलाला धोक्याचा, बहिणीला स्वस्तात घरी करता येण्यासारखा. आणि तुम्ही मात्र कुणालाच न सांगता मनात एक आशा धरून बसलायत. आशा धरू नका असं मी म्हणत नाहीये, पण ती सर्जरीवर आणि त्यानंतरच्या औषधांवर धरा, तिथे आशेला भक्कम कारण आहे.

आता हे फॅटी ॲसिडचं प्रकरण काय आहे ते थोडं सांगते, कारण यात दम नाही असंही नाहीये. तुमच्या स्टडीत नेमकं कुठलं कंपाउंड आहे ते तुम्ही लिहिलं नाहीत (फॉर्मवर असेल, बघा), पण असाच प्रयोग एकदा झालेला आहे आणि त्याचे निकाल छापून आलेत, त्यावरून अंदाज येईल.

कॅन्सरच्या पेशी भराभर विभागतात, प्रत्येक नव्या पेशीला आवरण लागतं आणि ते बनतं चरबीपासून. आपल्या शरीरातल्या बहुतेक पेशी रक्तातून येणाऱ्या चरबीवर भागवतात, पण ब्रेस्ट कॅन्सरच्या बऱ्याच गाठी स्वतःच चरबी तयार करायला लागतात. मग संशोधकांनी विचार केला की ही आतली भट्टीच बंद पाडता आली तर? आणि गंमत म्हणजे याचा धागा सापडला गाईंमध्ये. विशिष्ट प्रकारचा खुराक दिला की गाईच्या दुधातलं फॅट एकदम घसरतं हे डेअरीवाल्यांना फार पूर्वीपासून माहीत होतं, त्याचं कारण शोधताना कळलं की तिच्या पोटातले जंतू काँज्युगेटेड लिनोलेइक ॲसिडचा, म्हणजे सीएलएचा, एक प्रकार बनवतात आणि तो कासेत जाऊन चरबी बनवायचं काम मंदावतो. त्या कामावर देखरेख करणारं एक प्रोटीन आहे, स्पॉट १४ नावाचं, तेही खाली येतं. आता कास काय आणि स्तन काय, ग्रंथी एकाच जातीची, म्हणून अमेरिकेतल्या डार्टमथ कॉलेजच्या टीमने ठरवलं की बायकांच्या गाठींमध्ये हे होतं का बघू.

तो अभ्यास २०१३ मध्ये प्रसिद्ध झाला. पहिल्या ते तिसऱ्या स्टेजच्या २४ बायकांनी सर्जरीच्या आधी रोज साडेसात ग्रॅम सीएलए घेतलं, कमीत कमी १० दिवस, बहुतेकींचं साधारण १२ दिवस. निकाल असा की स्पॉट १४ खरंच कमी झालं. केआय-६७, म्हणजे किती पेशी विभागायच्या तयारीत आहेत ते दाखवणारा आकडा (तुमच्याही रिपोर्टमध्ये असेल), तोही कमी झाला. मोठे दुष्परिणाम दिसले नाहीत. इथपर्यंत वाचून तुमची बहीण म्हणेल बघ, मी म्हणत नव्हते!

पण पुढचं पण वाचायचं असतं. चरबी बनवणारं जे मुख्य एन्झाइम, त्यात काही लक्षणीय फरक पडला नाही. पेशी मरण्याचं प्रमाण वाढलं नाही. रक्तात सीएलए जास्त म्हणून गाठीत परिणाम जास्त, असंही काही दिसलं नाही, आणि औषधाचा परिणाम खरा असेल तर साधारण तसं दिसायला हवं अशी अपेक्षा असते. आणि सगळ्यात महत्त्वाचं, सगळ्याच बायकांनी कॅप्सूल घेतली होती, न घेणारा दुसरा गटच नव्हता. एकाच गाठीच्या दोन कोपऱ्यांतून तुकडे काढले तरी केआय-६७ वेगवेगळा येऊ शकतो, त्यामुळे तुलनेला कुणी नसताना हा फरक सगळाच्या सगळा कॅप्सूलमुळे आला असं छातीठोक म्हणता येत नाही. लिहिणाऱ्यांनीही तसा दावा केला नाही, ते म्हणाले की या वाटेने पुढे शोधायला जागा आहे. कुणाचं आयुष्य वाढलं का, कॅन्सर परत यायचा थांबला का, हे त्या अभ्यासाने विचारलंच नव्हतं, विचारता येण्यासारखंही नव्हतं, १२ दिवसांत काय कळणार.

आणि आता बहिणीच्या मुद्द्याकडे येते, कारण मला खरी काळजी त्याची वाटते. मुलगा फार तर तुम्हाला थांबवेल, पण बहीण तुम्हाला लपवायला सांगतेय.

सीएलएचे प्रकार असतात. दूध, लोणी, मांस यातून जो मिळतो तो जवळजवळ सगळा एका प्रकारचा आणि गाईचं फॅट पाडणारा तो वेगळाच प्रकार. अभ्यासात दोन्ही अर्धे अर्धे होते. (आणि हो, लोणी खाऊन तो डोस गाठू म्हणाल तर दुधाच्या १ ग्रॅम फॅटमध्ये सीएलए निघतं साधारण ५ मिलिग्रॅम, म्हणजे दिवसाला दीड किलोहून जास्त लोणी! आणि तरी हवा तो प्रकार त्यात नावालाच.) आता गाईच्या बाबतीत कामाचा ठरलेला हाच प्रकार, हर-टू जास्त असलेल्या उंदरांना दिल्यावर त्यांच्या गाठी वाढल्या आणि जास्त पसरल्या, असं २००७-०८ च्या सुमाराला अमेरिकेतल्या प्रयोगशाळेत दिसलं होतं. एकच पदार्थ, एका ठिकाणी ब्रेक, दुसऱ्या ठिकाणी ॲक्सिलरेटर. तुमची गाठ हर-टू निगेटिव्ह आहे आणि तुम्ही उंदीर नाही हे मला कळतं, पण ज्या गोष्टीबद्दल असे दोन्ही बाजूंचे निकाल आहेत ती गोष्ट गाठ अंगात असताना कुणाचं लक्ष नसताना घ्यायची? याच प्रकाराने जाड पुरुषांमध्ये इन्शुलिनचं काम बिघडल्याचंही एका अभ्यासात दिसलंय. तुमची शुगर बॉर्डरला आहे. हे तुम्ही मला जाता जाता लिहिलंत, डॉक्टरांना सांगितलंत का? स्टडीच्या डॉक्टरांना हे माहीत असायलाच हवं, कदाचित याच कारणावरून ते तुम्हाला घेणारही नाहीत आणि तसं झालं तर वाईट वाटून घेऊ नका, ती त्यांची सावधगिरी आहे.

दुकानातली कॅप्सूल आणि ट्रायलमधली कॅप्सूल यात फरक काय असं कुणी विचारलं तर मी म्हणेन, कॅप्सूलपेक्षा तिच्या आजूबाजूला काय आहे त्यात फरक आहे. ट्रायलमध्ये प्रत्येक डब्यात काय आणि किती आहे ते तपासलेलं असतं, तुमचं रक्त तपासतात, मळमळलं तरी लिहून घेतात, काही बिघडलं तर थांबवणारा माणूस असतो. दुकानातल्या डब्यावर जे छापलंय तेवढंच आत असेल याची खात्री नाही, बऱ्याच देशांत सप्लिमेंट विकायच्या आधी ती उपयोगी आहे हे सिद्ध करावंच लागत नाही. वजन कमी करायला लोक घेतात तो डोस साधारण ३ ग्रॅमचा, म्हणजे अभ्यासातल्या डोसच्या निम्म्याहून कमी, मग "असल्याच कॅप्सूल" म्हणजे नेमकं काय आणि किती घेणार होतात? आणि स्टडीत पण जायचं आणि घरून पण वेगळं काही घ्यायचं असं तर चुकूनही करू नका, त्यात तुमची तब्येत तर आहेच पण अख्खा अभ्यासही खोटा पडतो.

नॅचरल आहे म्हणून अपाय नाही, या समजुतीला तर मी आता कंटाळलेय. फिनलंडमध्ये २९ हजारांवर सिगरेट ओढणाऱ्या पुरुषांवर अभ्यास झाला होता, त्यातल्या काहींना बीटा कॅरोटीन दिलं, गाजरातलं, त्याहून नॅचरल काय असणार. १९९४ मध्ये निकाल आला तेव्हा बीटा कॅरोटीन घेणाऱ्यांमध्ये फुप्फुसाचा कॅन्सर कमी व्हायच्या ऐवजी १८ टक्क्यांनी जास्त निघाला. आणि फॅटी ॲसिडचंच उदाहरण हवं असेल तर नेदरलँड्समधल्या संशोधकांना २०११ मध्ये उंदरांत दिसलं की माशाच्या तेलात असलेलं एक फॅटी ॲसिड अगदी थोडंसंसुद्धा प्लॅटिनमवाल्या केमोचा असर घालवू शकतं, मग २०१५ मध्ये त्यांनी निरोगी माणसांना माशाचं तेल देऊन बघितलं तर ते फॅटी ॲसिड रक्तात वाढलेलं दिसलं. माणसांच्या केमोवर तसाच परिणाम होतो हे काही यातून सिद्ध झालं नाही, पण प्लॅटिनमवाली केमो, म्हणजे कार्बोप्लॅटिन, ट्रिपल निगेटिव्ह (हॉर्मोन आणि हर-टू सगळं निगेटिव्ह) ब्रेस्ट कॅन्सरमध्ये बऱ्याचदा देतात, आणि मला दर थोड्या दिवसांनी कुणीतरी लिहितं की आईची केमो चालू आहे, ताकद यावी म्हणून आम्ही माशाच्या तेलाच्या गोळ्या सुरू केल्यात. त्या सगळ्यांना इथेच सांगते, ऑन्कॉलॉजिस्टला विचारल्याशिवाय नको. व्हिटॅमिन, आयर्न, काढे, पावडरी सगळं त्यातच आलं. अमेरिकेत ब्रेस्ट कॅन्सरच्या केमोतल्या बायकांचा एक अभ्यास २०२० मध्ये आला, त्यात केमोच्या आधी आणि दरम्यान बी-१२ घेणाऱ्यांमध्ये आजार परत येण्याचं आणि मृत्यूचं प्रमाण जास्त दिसलं. त्यावरून बी-१२ नेच केलं असं म्हणता येत नाही, कमतरता असलेल्यांना ते लागतंच, पण "घेऊन तर बघू, काय बिघडतंय" हे वाक्य तरी आपण बंद करू.

आता मुलाचं. त्याचा राग मला कळतो, आई आजारी पडली की मुलं कुणावर तरी रागावतात आणि डॉक्टर समोर सापडतात. पण गिनिपिग या शब्दात एक गोष्ट राहून जाते, गिनिपिगला कुणी विचारत नाही. तुम्हाला विचारलंय आणि घरी जाऊन विचार करायला वेळ दिलाय. माणसांवर प्रयोग करताना त्यांची स्वतःहून दिलेली संमती पहिली, हा नियम दुसऱ्या महायुद्धातल्या नाझी डॉक्टरांच्या खटल्यानंतर १९४७ मध्ये न्यूरेम्बर्गला लिहिला गेला आणि १९६४ च्या हेलसिंकी जाहीरनाम्यात जगभरच्या डॉक्टरांच्या संघटनेने तो पुढे नेला. म्हणून सही केल्यावरसुद्धा तुम्ही कधीही, कारण न देता, बाहेर पडू शकता. तिसऱ्या दिवशी वाटलं नको, तर नको. आणि मुलाला हेही सांगा की तुम्हाला सर्जरीनंतर बहुधा जी हॉर्मोनची गोळी देतील ती, किंवा हर-टू पॉझिटिव्ह बायकांना १९९८ पासून मिळायला लागलेलं ट्रॅस्टुझुमॅब, हे सगळं कुठल्यातरी अनोळखी बायकांनी असंच हो म्हटलं म्हणून आपल्यापर्यंत आलंय. हे सांगून मी तुमच्यावर हो म्हणायचा दबाव टाकत नाहीये हां, फक्त गिनिपिग हे वर्णन पुरेसं नाही एवढंच.

मात्र मुलगा एका बाबतीत बरोबर आहे, सही करायच्या आधी विचारायला हवं. आणि नवऱ्याचं "डॉक्टर म्हणतायत तर घे" हे मला मुलाच्या रागापेक्षा जास्त खटकलं, खरं सांगते. डॉक्टरांनी घ्या असं म्हटलेलंच नाहीये, त्यांनी याल का विचारलंय. सर्जरी करा हे ते सल्ला म्हणून सांगतात, हे आमंत्रण म्हणून. एकच माणूस दोन भूमिकांत असला की पेशंटचा हा गोंधळ होतोच, म्हणून तुम्ही सरळ त्यांना विचारू शकता की डॉक्टर, ही स्टडी नसती तर या अडीच आठवड्यांत तुम्ही मला काय दिलं असतं? उत्तर "काही नाही, फक्त सर्जरीच्या तपासण्या" असं आलं तर नवऱ्याला समोर बसवून ऐकवा, कारण त्याला वाटतंय की काही न घेता बसणं म्हणजे वेळ वाया घालवणं. तसं नाहीये ते. त्याला काहीतरी करायचंय हे मात्र खरं, मग सर्जरीनंतरच्या दिवसांचं घर लावायचं काम त्याच्याकडे द्या, फॉर्म वाचायला बसवा, रिपोर्टांची फाइल लावू दे.

नाही म्हटलं तर डॉक्टर मनात ठेवतील का? नाही ठेवायला पाहिजे, आणि नियमाने तर तुमच्या उपचारात यामुळे केसभरही फरक करता येत नाही, फॉर्मवर तसं लिहिलेलं असतं. रोज कितीतरी लोक नाही म्हणतात, त्यांना सवय असते. तरी तुम्हाला समोरासमोर नाही म्हणायला जड जात असेल तर स्टडीचं काम बघणारे कोऑर्डिनेटर असतात, बऱ्याचदा नर्सच असतात, त्यांना सांगा. "मी विचार केला, मला सध्या नको वाटतंय" एवढं पुरे. कारणं देत बसू नका, आपल्याकडच्या बायका नाही म्हणताना चार माफ्या मागतात, इथे त्याची काही गरज नाही.

आता विचारायचं काय. मी यादी देणार नाही कारण याद्या फोनमध्ये पडून राहतात, पण दोन गोष्टींवर अडून बसा. पहिली तारीख. सर्जरी यामुळे एक दिवस तरी पुढे जाणार आहे का? दिवस रिकामेच जाणार होते ते वापरले तर हरकत नाही, पण स्टडीचे दिवस भरायचेत म्हणून सर्जरी ढकलणार असतील तर माझं मत स्पष्ट नाही असं आहे. २०२० मध्ये बीएमजे या मेडिकल जर्नलमध्ये बऱ्याच अभ्यासांचा एकत्र आढावा आला होता, त्यात ब्रेस्ट कॅन्सरच्या सर्जरीला ४ आठवडे उशीर झाला की मृत्यूचा धोका साधारण ८ टक्क्यांनी वाढलेला दिसला. हे ८ टक्के म्हणजे शंभरातल्या आठ बायका जास्त गेल्या असं नव्हे, जो काही मूळ धोका आहे त्याच्यावर आठ टक्के, त्यामुळे आत्ताच्या अडीच आठवड्यांची धास्ती घेऊ नका, पण उगाच वाढवूही नका.

दुसरी गोष्ट, जास्तीची सुई. काही स्टडीत आधीच काढलेली बायोप्सी चालते, काहींत नवीन करायला लागते, रक्त वेगळं द्यावं लागतं. केवढं, किती वेळा, ते विचारा. दुखण्याचा भाग हाच असतो बहुतेक वेळा, कॅप्सूल नाही.

बाकी मग काही झालं तर उपचाराचा खर्च कोण करणार, तुमच्या गाठीचा तुकडा किती वर्षं ठेवणार आणि त्यावर जनुकांच्या तपासण्या करणार का, शेवटी निकाल तुम्हाला कळवणार का, पैसे कुणाचे लागलेत, कुणाला तुलनेसाठी खोटी (आत औषध नसलेली) कॅप्सूल मिळणार आहे का, एथिक्स कमिटीची मंजुरी आणि रजिस्ट्रेशन नंबर कुठाय, हे सगळं फॉर्ममध्ये असतं, नसलं तर विचारायचं. फॉर्म घरी आणा. तुमच्या भाषेतला मागा, तुमचा हक्क आहे तो. इंग्रजीतली वीस पानं ओपीडीच्या गर्दीत उभ्या उभ्या सही करून घेतात असं कुठे झालं तर तेवढ्या एका कारणावरूनच मी सही केली नसती. आणि औषधाचे पैसे मागितले तर तिथून उठा, हे बाकी वाचणाऱ्यांसाठीही. चाचणीतल्या औषधाचे पैसे साधारणपणे पेशंटकडून घेत नाहीत, "प्रायोगिक उपचार" म्हणून मोठी रक्कम सांगणारे आणि कुठेही रजिस्ट्रेशन नसलेले जे असतात त्यांना ट्रायल म्हणत नाहीत.

आणखी एक, वर्तमानपत्रात किंवा व्हॉट्सॲपवर "फॅटी ॲसिडने कॅन्सर बरा" असं येतं ना, त्याच्यासाठी एक गोष्ट लक्षात ठेवा. पॅक्लिटॅक्सेल हे केमोचं जुनं औषध आहे, ब्रेस्ट कॅन्सरलाही देतात. त्याला डीएचए हे माशाच्या तेलातलं फॅटी ॲसिड जोडून एक नवीन कंपाउंड केलं होतं, कल्पना अशी की गाठ फॅटी ॲसिडला हावरट असते, ती ते ओढून घेईल आणि सोबत औषधही आत जाईल. २००१ मध्ये उंदरांच्या फुप्फुसाच्या गाठीवर निकाल आला, १० पैकी १० उंदरांच्या गाठी नाहीशा! आणि मग माणसांवर मोठी चाचणी झाली, मेलानोमा या कातडीच्या कॅन्सरच्या ३९३ पेशंटवर, २०११ मध्ये निकाल आला की त्या कॅन्सरच्या नेहमीच्या केमोपेक्षा आयुष्य काही वाढलं नाही. उंदरांची बातमी खोटी नव्हती, फक्त ती उंदरांची होती. दुसरीकडे फ्रान्समध्ये २५ बायकांना, ज्यांचा ब्रेस्ट कॅन्सर पसरलेला होता, केमोबरोबर रोज १.८ ग्रॅम डीएचए दिलं, २००९ मध्ये ते छापून आलं, आणि ज्यांच्या रक्तात ते जास्त मुरलं त्या निम्म्या बायकांचं आयुष्य साधारण ३४ महिने निघालं, बाकीच्यांचं १८. ऐकायला केवढं मोठं वाटतं. पण ज्यांच्या अंगात ते जास्त मुरलं त्यांची तब्येतच मुळात बरी असेल, भूक लागत असेल, पचत असेल, असंही असू शकतं ना, चिठ्ठ्या टाकून दोन गट केलेच नव्हते. म्हणून तर अजून चाचण्या लागतात, आणि म्हणूनच तुमच्यासारखीला विचारतात.

ज्यांचा कॅन्सर चौथ्या स्टेजला आहे किंवा नेहमीची औषधं चालेनाशी झालीत, त्यांनी माझं हे सगळं जसंच्या तसं स्वतःला लावून घेऊ नका. त्यांच्यासाठीच्या ट्रायल वेगळ्या असतात, तिथे गाठ आवरली जाते का हेच बघतात, म्हणजे स्वतःला फायदा होण्याची शक्यता थोडी का होईना असते आणि त्रासाचीही. तिथे प्रश्न असा विचारायचा की ही ट्रायल घेतली तर कुठला ठरलेला उपचार मला सोडावा लागेल. आणि कुठल्याही स्टेजला, चालणारा उपचार सोडून फक्त पर्यायी काहीतरी, हे करू नका. येल विद्यापीठाचा २०१८ मधला अभ्यास आहे, बरा होण्यासारखा ब्रेस्ट कॅन्सर असूनही ज्यांनी फक्त पर्यायी उपचार निवडले त्यांचा मृत्यूचा धोका नेहमीचे उपचार घेणाऱ्यांच्या पाचपटीहून जास्त निघाला.

तर ताई, मला विचाराल तर माझा कल असा आहे. सर्जरीची तारीख हलत नसेल, शुगरचं ऐकून डॉक्टरांनी हरकत नाही म्हटलं असेल, जास्तीची सुई तुम्हाला झेपण्यासारखी असेल, आणि हे सगळं कळूनसुद्धा "मला काही मिळालं नाही तरी चालेल, बघू तर यांना काय सापडतं" असं तुम्हाला आतून वाटत असेल, तर जा. मनात अजूनही ऑपरेशन टळण्याची आशा असेल तर जाऊ नका, कारण मग सर्जरीच्या दिवशी तुम्हाला वाटेल की कॅप्सूल फेल गेली, आणि त्या दिवशी हे ओझं तुम्हाला नकोय. आत्ता झोप लागत नाहीये, डोकं भणभणतंय, एक फॉर्मसुद्धा वाचवत नाहीये अशी अवस्था असेल तरीही नका जाऊ, तेवढं कारण पुरेसं आहे.

बहिणीशी मात्र आजच बोला. तिने कॅप्सूल आणल्या असतील तर डबा टाकू नका, पुढच्या वेळी डॉक्टरांकडे जाताना बरोबर न्या, घरात चालू असलेल्या बाकीच्या गोळ्या, पावडरी, तेलं पण त्याच पिशवीत भरा. सर्जन आणि भूल देणारे डॉक्टर दोघांनाही ती पिशवी दाखवायची आहे, स्टडीत गेलात तरी आणि नाही गेलात तरी. बहिणीलाच सोबत न्या ना, तिचे प्रश्न तिलाच विचारू देत.